दम्याच्या पंपाचं कूपन घेऊ का? दोन पंपांच्या आईला उत्तर

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, आम्ही अमेरिकेत राहतो. मिस्टर नोकरी करतात, मी सध्या घरी. मला लहानपणापासून दमा आहे आणि आता मुलीलाही निघालाय, ती सात वर्षांची. जानेवारीत मिस्टरांच्या कंपनीने इन्शुरन्स बदलला, मोठ्या डिडक्टिबलचा प्लॅन आला, म्हणजे आधी ठरावीक रक्कम आपण भरायची, मग इन्शुरन्स देणार, सोबत एचएसए म्हणजे आजारपणासाठीचं करमुक्त बचत खातं वगैरे. फार्मसीत दोन पंपांचा आकडा ऐकला आणि मी मुलीचा पंप घेऊन आले, माझा तिथेच ठेवला. जुन्यात थोडं शिल्लक होतं ते पुरवतेय, डॉक्टरांनी सकाळी दोन रात्री दोन पफ सांगितलेत, मी एकेक घेते. मिस्टरांना माहीत नाही. एक मैत्रीण म्हणते कंपनीचं कूपन कार्ड काढ, ३५ डॉलरमध्ये मिळतो. दुसरी म्हणते त्यात पडू नकोस, नंतर फटका बसतो. एकीने फुकट औषधाच्या स्कीमचा फॉर्म पाठवलाय. नवरा कमावता असताना असले फॉर्म भरायचे म्हणजे हात पसरल्यासारखं वाटतं, शिवाय आमचं ग्रीन कार्डचं चालू आहे. पल्मोनॉलॉजिस्ट, म्हणजे फुफ्फुसाचे डॉक्टर, म्हणाले असंच राहिलं तर इंजेक्शनचा विचार करू. मला काही सुचत नाहीये. — दोन पंपांची आई"

अगं बाई,

कूपनचं नंतर बोलू. आधी ते एकेक पफचं बंद कर, डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे घे, आजपासून. मी काही डॉक्टर नाही पण हे सांगायला डॉक्टर असायची गरज नाही, आणि मी स्वतः हे केलेलं आहे म्हणून जरा जोरात बोलतेय. माझ्या पंपाच्या पाठीला एक छोटी खिडकी आहे त्यात आकडा दिसतो किती पफ उरलेत त्याचा, आणि एका वर्षी मी तो आकडा असा बघायचे की जसं पेट्रोलचा काटा बघतो माणूस. एक दिवस घ्यायचा, एक दिवस सोडायचा. आणि गंमत अशी की पहिले दहा-बारा दिवस काहीच होत नाही! उलट वाटतं अरे, एवढं घ्यायची गरजच नव्हती की. रोजच्या पंपाचा हाच घोळ आहे. आरामाचा पंप, म्हणजे अल्ब्युटेरॉल, आपल्याकडे ज्याला साल्ब्युटामॉल म्हणतात तो, मारला की पाच मिनिटांत छाती मोकळी होते, त्यामुळे त्याची किंमत मनाला पटते. रोजच्या पंपातलं स्टेरॉईड गुपचूप श्वासनळ्यांची सूज दाबून ठेवत असतं, ते आहे हे कळतच नाही आणि ते कमी झालंय हेही लगेच कळत नाही. कळतं तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात. डिडक्टिबल भरलेलं नसताना एक रात्र इमर्जन्सीत काढलीस तर येणारं बिल तू वाचवलेल्या सगळ्या पफांना पुरून उरेल, तो हिशोब तूच कर.

आणि एक बघ, तुझा आरामाचा पंप आठवड्यातून किती वेळा निघतो? दोन दिवसांपेक्षा जास्त निघत असेल तर दमा ताब्यात नाहीये असं सरळ समजायचं. वर्षात २०० पफवाले तीन किंवा जास्त संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो, हे दम्याच्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्येच लिहिलंय. त्यामुळे "रोजचा परवडत नाही, आरामाच्या पंपावर भागवते" हा उपाय नाही. बऱ्याच बायका हेच करतात म्हणून लिहिलं.

आता हात पसरण्याचं. हा शब्द तुझ्या पत्रात वाचला आणि मला हसूही आलं आणि रागही आला, तुझा नाही, एकूण प्रकाराचा. कूपन कार्ड म्हणजे कुणी तुझ्यावर दया करतंय असं तुला वाटतंय ना? अजिबात नाही. ती कंपनी आहे, देवळातली दानपेटी नाही. पंपाची यादीतली किंमत ती स्वतःच ठरवते, तुझा इन्शुरन्स त्यातला मोठा वाटा देतो किंवा देणार असतो, आणि तुझ्या खिशातून जायचे ते पैसे जास्त झाले तर तू स्वस्त पंपाकडे वळशील, ते होऊ नये म्हणून ती तुझा वाटा कमी करून देते. कंपनीला पुण्य नकोय, तुझा ब्रँड बदलू नये एवढंच हवंय. हे एकदा डोक्यात बसलं ना की लाजही जाते आणि कार्ड कुठे कामाचं आणि कुठे नाही तेही आपोआप कळायला लागतं.

तो ३५ चा आकडा आला कुठून तेही सांगते. अल्ब्युटेरॉल हे काही कालचं औषध नाही, कित्येक दशकं जुनं आहे, तरी इथे महाग का? तर जुन्या पंपांमध्ये फवारा उडवायला सीएफसी गॅस असायचा, ओझोनच्या करारामुळे तो गेला, अमेरिकेत २००८ च्या अखेरीस ते पंप बंद झाले. नव्या गॅसचे पंप ब्रँडेड म्हणून आले, नवीन पेटंटं, स्वस्त जेनेरिक गायब. पुढे औषध जुनं असलं तरी डबीचं पेटंट, टोपीचं पेटंट, आकडा दाखवणाऱ्या खिडकीचं पेटंट असं चालत राहिलं. २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे बाजारातल्या लबाड्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, असल्या पेटंटांच्या नोंदींवर बोट ठेवलं, २०२४ च्या जानेवारीत सिनेटच्या आरोग्य समितीने, बर्नी सँडर्स तेव्हा अध्यक्ष होते, चार मोठ्या पंपवाल्या कंपन्यांना जाब विचारला, आणि मार्चमध्ये त्यातल्या तीन कंपन्यांनी, बोहरिंगर इंगेलहाइम, अ‍ॅस्ट्राझेनेका आणि जीएसके, एकापाठोपाठ जाहीर केलं की आमच्या पंपांना महिन्याला ३५ डॉलरच्या वर खिशातून जाणार नाहीत. पहिल्या दोघींचं १ जून २०२४ पासून सुरू झालं, जीएसकेने १ जानेवारी २०२५ पर्यंतची मुदत घेतली होती. म्हणजे हे ओरडल्यावर मिळालंय, मागून नाही. घे की मग.

पण मैत्रीण नंबर दोन म्हणते ते पण खोटं नाही.

पहिली अट तुला लागू नाही पण तुझ्या ओळखीत कुणाला असेल: मेडिकेअर (मुख्यतः म्हाताऱ्या माणसांसाठी), मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठी) असा सरकारी इन्शुरन्स असेल तर कंपनीचं कूपन चालत नाही, कायद्यानेच बंदी आहे, सरकारी पैशाच्या धंद्यात लाच म्हणून धरतात ते. खासगी इन्शुरन्स असेल किंवा अजिबातच नसेल तर चालतं.

आता तुझा प्रश्न. समज डिडक्टिबल ३००० आहे आणि पंपाची किंमत ४००, हे आकडे मी सोयीसाठी धरलेत. कार्ड दाखवलंस, तू ३५ दिलेस, कार्डाने ३६५ भरले. सहा महिने असं झालं. तुला वाटतंय ४०० गुणिले ६, २४०० डिडक्टिबलमध्ये जमा झाले, आता ६०० च राहिले. आणि इन्शुरन्सवाला म्हणतो, नाही बाई, तू स्वतः दिलेस ते ३५ गुणिले ६ म्हणजे २१०, बाकीचे कूपनचे होते ते मी धरत नाही, तुझे २७९० अजून बाकी आहेत. याला ते अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात, नाव असं ठेवलंय की वाटावं काहीतरी साठतंय, आणि साठत काहीच नाही. वीसेक राज्यांपेक्षा जास्त ठिकाणी याला बंदी आहे, पण तिथे पण मेख आहे, मोठ्या कंपन्या बरेचदा कर्मचाऱ्यांचा खर्च स्वतःच उचलतात आणि इन्शुरन्स कंपनी फक्त कागद फिरवते, असल्या प्लॅनला राज्याचा कायदा लागू होत नाही. आणि तुझ्याकडे तर एचएसए आहे, तिथे आयआरएसचाच, म्हणजे टॅक्स खात्याचाच, नियम असा की डिडक्टिबलमध्ये तू खरोखर भरलेले पैसेच धरायचे. त्यामुळे तुझ्या बाबतीत फोन करून भांडण्यात अर्थ नाही, उत्तर ठरलेलं आहे, ३५ च धरणार असं समजून चाल.

मग फटका बसला का? बसला आणि नाही बसला. तू पूर्ण किंमत भरत गेली असतीस तर डिडक्टिबल लवकर भरलं असतं पण भरलं असतंस तूच, पदरमोड करून. कार्डाने तुझं काही गेलं नाही, फक्त वर्षाच्या मागच्या भागात जो आराम मिळेल असं वाटत होतं तो मिळणार नाही. खरा त्रास कुणाला होतो, तर जिने मनात धरून ठेवलंय की ऑगस्टपासून सगळं इन्शुरन्स देणार आणि त्या भरवशावर दुसरी एखादी सर्जरी बिर्जरी लावून ठेवलीये. आणि प्रत्येक कार्डाला वर्षाची एक कमाल रक्कम असते, मागच्या बाजूला बारीक अक्षरात. ती संपली की त्या महिन्यात काउंटरवर पूर्ण आकडा येतो, आणि डिडक्टिबलही जिथल्या तिथे. माझ्यावर हे आलंय. मागे रांग उभी, फार्मसीतली मुलगी स्क्रीनकडे बघून म्हणते कार्ड रिजेक्ट होतंय, आणि मी तिला विचारतेय की बाई परत एकदा मारून बघ ना, जसं काही मशीनला दया येईल. तिचा काही दोष नव्हता, मी कमाल रक्कम वाचलीच नव्हती.

म्हणून कार्ड काढशील त्या दिवशीच कमाल रक्कम बघायची आणि महिन्यांनी भागायची, फ्रिजवर लिहून ठेव. कार्डावर चार नंबर असतात, बिन, पीसीएन, ग्रुप, आयडी, ते फार्मसीत द्यायचे आणि म्हणायचं आधी इन्शुरन्स लावा, मग हे दुसरं लावा. उलटं केलं तर कधी कधी इन्शुरन्सकडे काहीच नोंद जात नाही. घरपोच मेल ऑर्डर फार्मसी असेल तर आधी विचार, काही ठिकाणी कार्ड घेतच नाहीत.

आता जरा वेगळंच. तू कूपन, स्कीम, फॉर्म करत चहूकडे बघतेयस आणि कदाचित मदत तुझ्या इन्शुरन्समध्येच पडलेली आहे. काखेत कळसा अन् गावाला वळसा! मोठ्या डिडक्टिबलच्या एचएसए प्लॅनला नियम असतो की डिडक्टिबल भरेपर्यंत फारसं काही द्यायचं नाही, पण २०१९ च्या जुलैमध्ये आयआरएसने एक नोटीस काढली, २०१९-४५ नंबरची, त्यात म्हटलंय की काही जुन्या आजारांची औषधं प्लॅनने डिडक्टिबलच्या आधीच दिली तरी चालतील, आणि त्या यादीत दम्यासाठी श्वासातून घ्यायचं स्टेरॉईड आहे. पीक फ्लो मीटर पण आहे, ती फुंकायची नळी गं. आरामाचा पंप त्यात नाही. आणि ही मुभा आहे, सक्ती नाही, प्लॅनने घेतली तर घेतली. मुलीचा पंप साध्या स्टेरॉईडचा असेल तर तो यादीत असायची शक्यता जास्त, तुझा दोन औषधं एकत्र असलेला असेल तर असेल किंवा नसेल. पण विचारायला काय जातंय, मिस्टरांना एचआरला एक ओळ लिहायला सांग: "आपल्या प्लॅनची प्रिव्हेंटिव्ह ड्रग लिस्ट पाठवा." बास. माझ्या ओळखीतल्या एकीने दोन वर्षं कूपनांचा पिच्छा पुरवला आणि तिसऱ्या वर्षी कळलं पंप त्या लिस्टवर होता. तिने मग फोनवर दहा मिनिटं फक्त शिव्या दिल्या, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं.

जेनेरिकचं पण बघ. कूपनाची सवय लागली की स्वस्त पर्याय डोळ्यांना दिसेनासा होतो, आणि कंपनीला नेमकं तेच हवं असतं. सिम्बिकॉर्ट या दोन औषधांच्या पंपाचं जेनेरिक, ब्रेयना नावाचं, २०२३ च्या जुलैपासून बाजारात आहे. अ‍ॅडव्हेअर डिस्कसचं विक्सेला २०१९ पासून. तुझ्या प्लॅनमध्ये जेनेरिक कदाचित कूपनाच्या ३५ पेक्षाही खाली पडेल, कदाचित वर, कारण इथले इन्शुरन्सवाले कधी कधी ब्रँडच यादीत ठेवतात आणि जेनेरिक बाहेर, त्यामागे त्यांची रिबेटची, म्हणजे औषध कंपनीकडून परत मिळणाऱ्या पैशांची, वेगळी गणितं असतात. म्हणून फार्मसिस्टला दोन्ही मारून बघायला सांगायचं. सांगतात ते, गर्दीच्या वेळी जाऊ नकोस फक्त.

पण स्वस्त मिळाला म्हणून कुठलाही पंप उचलू नकोस हं, विशेषतः मुलीसाठी. फवाऱ्याचा पंप आणि पावडरचा पंप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फवाऱ्याला हळू, खोल श्वास लागतो आणि लहान मुलांना पंप आणि तोंडाच्या मध्ये स्पेसर नावाची नळी लागते, पावडरीला जोरात आत ओढावं लागतं, छोट्या मुलाला ते जमतंच असं नाही. कागदावर औषध तेच, पण पोरीच्या छातीत पोचलंच नाही तर काय उपयोग. आणि पंपाऐवजी गोळी द्या, माँटेलुकास्ट स्वस्त आहे, असं कुणी म्हणालं तर ते डॉक्टरच्या तोंडून येऊ दे. त्या गोळीवर २०२० मध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या औषध नियंत्रण खात्याने, मोठी चौकटीतली चेतावणी टाकलीये, मूड, झोप, वाईट विचार यांच्याबद्दल. अनेकांना चालते छान, पण पैशासाठी परस्पर बदलायची ती गोष्ट नाही.

एका ब्रँडला बांधून घेण्याचा तोटा बघायचा असेल तर फ्लोव्हेंट या स्टेरॉईडच्या पंपाचं आठव. कितीतरी मुलं त्यावर होती. १ जानेवारी २०२४ ला कंपनीने तो ब्रँडच बंद केला. तेच औषध दुसऱ्या नावाच्या खोक्यात मिळत होतं, पण बऱ्याच इन्शुरन्सवाल्यांच्या यादीत ते खोकं नव्हतं, आणि आयांची नुसती धावपळ. नेमकं त्याच दिवसापासून मेडिकेडला औषध कंपन्यांनी द्यायच्या रिबेटवरची मर्यादा उठली होती, हा योगायोग मानायला बरेच जण तयार नव्हते. ते असो. ज्यांच्याकडे ब्रँडचं कार्ड होतं त्यांच्या हातात प्लॅस्टिकचा तुकडा राहिला. म्हणून डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव, हा नाही मिळाला तर दुसरा कुठला चालेल? नाव लिहून घे. वेळ आल्यावर विचारायला जाऊ नये, तेव्हा त्यांचीही लाईन बिझी असते.

डॉक्टरांना अजून एक विचार. तुझ्या पंपात स्टेरॉईडसोबत फॉर्मोटेरॉल, म्हणजे श्वासनळ्या लगेच मोकळं करणारं औषध, असेल तर तोच पंप रोजचा म्हणून आणि अटॅकला पण, असं वापरायची पद्धत आहे, अमेरिकेच्या २०२० च्या सुधारित गाईडलाईनमध्ये ती आली. सगळ्यांना लागू नाही, ते तेच ठरवतील. झालं तर दोन पंपांऐवजी एकावर भागतं. पण मग तो महिन्याआधी संपू शकतो आणि इन्शुरन्स "रिफिल टू सून", म्हणजे दुसरा घ्यायची वेळ झाली नाही, म्हणून परत पाठवतो, तेव्हा चिठ्ठीवरच तसं लिहून घ्यायचं. कार्डही महिन्याला एकाच पंपाला चालतं की काय ते बघ.

आता तो फुकट औषधाचा फॉर्म. ही कार्डापेक्षा वेगळी गोष्ट, इथे कंपनी किंवा तिचं फाउंडेशन औषधच फुकट पाठवतं. अ‍ॅस्ट्राझेनेकाची एझेड अँड मी, बोहरिंगरचं बीआय केअर्स, टेव्हाचं टेव्हा केअर्स, जीएसकेची पण आहे. ज्याला मिळालं त्याला खरोखर जीवदान आहे, इन्शुरन्स नसलेल्या माणसाला याच्यासारखं काही नाही, आणि मी हे कुत्सितपणे म्हणत नाहीये. पण तुला मिळेल असं मला वाटत नाही. या स्कीम मुख्यतः इन्शुरन्स नसलेल्यांसाठी किंवा ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांसाठी असतात, सरकारी दारिद्र्यरेषेच्या अमुक पट अशी मर्यादा असते आणि त्यात घरात माणसं किती ते धरतात. उत्पन्नाचे कागद लागतात, टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा, डॉक्टरची सही. वर्षाने परत सगळं पहिल्यापासून. आणि फॅक्स! या देशात फॅक्स फक्त औषधासाठी जिवंत ठेवलाय असं माझं मत आहे. मी एका नातेवाईक काकूंसाठी हा फॉर्म भरला होता, क्लिनिकमधून सही एका पानावर राहिली, कुणी कळवलं नाही, आम्ही तिकडे वाट बघतोय आणि फॉर्म कुणाच्या तरी ट्रेमध्ये, सात आठवडे गेले. तोपर्यंत काकूंनी काय करायचं? डॉक्टरांकडून सॅम्पलचे दोन पंप आणले. हा या स्कीमचा सगळ्यात मोठा तोटा आहे, पैसा नाही, वेळ. दम्याला आठवडे थांबता येत नाही. म्हणून ज्यांना लागू आहे त्यांनी पंप अर्धा असतानाच फॉर्म पाठवायचा, संपल्यावर नाही, आणि दर आठवड्याला फोन करायचा, लाज न बाळगता. आणि उत्पन्न कमी दाखवून वगैरे काही करायचं नाही, तो उद्योग अंगाशी येतो.

तुमचा पगार मर्यादेत बसत असेल तर जरूर भर. नसेल बसत तर फॉर्म त्या मैत्रिणीला परत दे, कुणाच्या तरी कामाला येईल.

ग्रीन कार्डची भीती जी आहे, सरकारी मदत घेतली की ते अडेल ही, ती या दोन्हींना लागू नाही. कूपन काय किंवा कंपनीचं फुकट औषध काय, ती सरकारी मदत नाही, खासगी कंपनी आणि तुझ्यातला मामला आहे. बऱ्याच स्कीमना तू अमेरिकेत राहतेस एवढंच लागतं, सिटिझन असायलाच हवं असं नाही, तरी प्रत्येकीची अट वाचायची. मेडिकेडसारख्या सरकारी योजनेचा विषय आला तर मात्र माझं ऐकून पुढे जाऊ नकोस, तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचार, ते नियम सरकार बदललं की हलतात. मुलगी इथे जन्मलेली असेल तर ती सिटिझन आहे, तिचा हक्क वेगळा आणि तुमच्या उत्पन्नावर ठरेल.

डिस्काउंट कार्डं पण असतात, गुडआरएक्स वगैरे, फोनवर लगेच निघतात, फॉर्म नाही की उत्पन्न नाही. जुन्या जेनेरिक आरामाच्या पंपाला कधी कधी बरा भाव मिळतो. पण ते इन्शुरन्सच्या ऐवजी चालतं, सोबत नाही, त्यामुळे दिलेले पैसे डिडक्टिबलमध्ये आपोआप जात नाहीत. आणि फुकटच्या अ‍ॅपला आपली माहिती लागते, गुडआरएक्सने लोकांची औषधांची माहिती जाहिरातवाल्या कंपन्यांना दिली म्हणून २०२३ मध्ये एफटीसीने त्यांच्यावर कारवाई केली, १५ लाख डॉलर दंड. मी अजूनही वापरते, खोटं कशाला बोलू, पण वेगळ्या ईमेलवरून.

धर्मादाय संस्थांचे फंड आहेत, हेल्थवेल, पॅन फाउंडेशन, पैसे असतील तोवर उघडे आणि संपले की बंद, शिवाय आजारानुसार वेगवेगळे. नीडीमेड्स नावाच्या साईटवर औषधाचं नाव टाकलं की कुठल्या स्कीम आहेत ते दिसतं, तेवढं बघ. आणि तुझ्या भागात फेडरल पैशावर चालणारं कम्युनिटी हेल्थ सेंटर असेल तर तिथे उत्पन्नाप्रमाणे फी असते, इन्शुरन्स नसलेल्या ओळखीच्यांना हे सांगत जा, कुणाला माहीत नसतं.

इंजेक्शनबद्दल. झोलेअर, न्यूकाला, फॅसेन्रा, ड्युपिक्सेंट, टेझस्पायर, यातलं काहीतरी असेल. यांची वर्षाची किंमत दहा-दहा हजारांच्या पटीत जाते, इथे मदतीशिवाय मध्यमवर्गीय माणूस उभाच राहू शकत नाही, आणि मदत मिळतेही, प्रत्येकाचा स्वतःचा प्रोग्रॅम असतो, नर्स फोन करते, इन्शुरन्सची मंजुरी यायला वेळ लागला तर मधल्या काळात डोस फुकट देतात काही ठिकाणी. अडचण ही की एकदा सुरू झालं की ते मधेच तोडायचं नसतं, आणि ही मदत एका वर्षाची, एका प्लॅनची, एका नोकरीची. नोकरी बदलली, प्लॅन बदलला, परत मंजुरी, परत फॉर्म. आणि हल्ली काही कंपन्यांचे प्लॅन अशी महाग औषधं यादीतूनच काढतात आणि कर्मचाऱ्याला म्हणतात त्या फुकटच्या स्कीममध्ये अर्ज कर, जी गरिबांसाठी होती. तुझ्या मिस्टरांच्या प्लॅनने असं पत्र पाठवलं तर सही करायच्या आधी डॉक्टरच्या ऑफिसला दाखव.

पण मला सांग, तू आत्ता अर्धा डोस घेतेयस हे पल्मोनॉलॉजिस्टना माहीत आहे का? नाही ना? मग ते बिचारे असं धरून चाललेत की पूर्ण डोस घेऊनही हिला त्रास होतोय, म्हणजे हे औषध पुरत नाही, म्हणजे पुढची पायरी. तुझा दमा वाढला नसेलही, पंप निम्मा झालाय म्हणून तो डोकं वर काढतोय. पैशामुळे घेत नव्हते हे तोंडाने सांगायला जड जातं, मला माहितीये, मी पण आधी "विसरते हो" असं सांगायचे. पण हे न सांगता इंजेक्शनपर्यंत जाणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. क्लिनिकच्या पोर्टलवर मेसेज टाक हवं तर, समोर बोलायला नको.

आणि मिस्टरांना आज रात्री सांग. भांडणाचा सूर नको, प्लॅन त्यांनी एकट्याने निवडला असेल तर तोही विषय नको, फक्त पंप टेबलावर ठेव, खिडकीतला आकडा दाखव आणि म्हण एवढेच उरलेत आणि मी निम्मेच घेतेय. मग एचआरचा तो ईमेल त्यांनाच लिहू दे. तू उद्या सकाळी, साडेनऊ-दहाच्या सुमारास, जेव्हा फार्मसीत गर्दी नसते, कार्डाचे चार नंबर घेऊन जा आणि तुझा पंप सोडवून आण. जुन्यातले उरलेले पफ साठवून ठेवायच्या भानगडीत पडू नकोस, या पंपांना पाकीट फोडल्यापासून मुदत असते, सिम्बिकॉर्टला तीन महिने, अ‍ॅडव्हेअर डिस्कसला तर एकच महिना. तुझं पाकीट जानेवारीच्या आधीचं आहे. तारीख बघ त्याच्यावर.

तुझी ताई